केंद्राच्या दारात उभं राहताना

महाराष्ट्रात निवडणूक आली की दोन वाद हमखास पेटतात. एक मतदार याद्यांमधल्या घोळाचा, दुसरा परदेशातल्या भारतीयांना टपालाने किंवा ऑनलाइन मत का देता येत नाही याचा. दोन्ही वाद मी बर्मिंगहॅममध्ये बसून ऐकतो. यंत्रं, याद्या, आयोग, सगळ्यांवर बोललं जातं. पण मतदान केंद्राच्या दारात ज्याला अडवलं जातं, त्या माणसाला तिथे काय मागता येतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी आम्हा परदेशस्थांचं. भारतीय नागरिकत्व न सोडलेल्यांना २०१० च्या दुरुस्तीने मताचा हक्क मिळाला. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे, त्या मतदारसंघात फॉर्म ६अ भरून नाव घालायचं आणि मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन जातीने हजर राहायचं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. मत दिलं २,९५८ जणांनी, त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. आपल्याकडची उदासीनता या आकड्यांत स्पष्ट दिसते.

प्रॉक्सीची, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याची, सोय परदेशस्थांना देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधीच ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. इथले माझे बरेच मित्र त्याबद्दल अजून हळहळतात. मला मात्र ते गेलं याचं समाधान आहे. प्रॉक्सी म्हणजे माझं मत गावी कुणाच्या तरी हातात, आणि आपल्या घरांमध्ये तो हात कुणाचा असेल हे वेगळं सांगायला नको. सुनेचं मत सासऱ्यांच्या मर्जीने पडेल. टपाली मताचा धोका तर मी राहतो त्याच शहराने पाहिला आहे. २००४ च्या स्थानिक निवडणुकीत इथल्या दोन प्रभागांत टपाली मतांची एवढी लबाडी झाली की पुढच्या वर्षी निवडणूक न्यायालयाने निकालच रद्द केले. मतदान कक्षात माणूस एकटा असतो, तेवढा वेळ त्याच्यावर कुणाचा दाब नसतो. ते एकटेपण मला सोयीपेक्षा मोलाचं वाटतं.

याची किंमत कोण मोजतं तेही मी विसरत नाही. माझ्यासारख्याला रजा मिळते, तिकीट परवडतं. आखातात मजुरी करणाऱ्याला यातलं काहीच सोपं नाही. म्हणून मागणी करायची तर वकिलातीत मतदान केंद्र उघडण्याची करावी. फ्रान्स, फिलिपिन्स यांच्या नागरिकांना अशी सोय आहे.

ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून मला इथल्या संसदेसाठीही मत देता येतं. मतदान गुरुवारी, सुट्टी नाही, पण केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं. २०२३ पासून इंग्लंडमध्ये छायाचित्राचं ओळखपत्र सक्तीचं झालं, त्यावर बराच वाद झाला. भारतीय पासपोर्ट चालतो. दाराबाहेर पक्षांचे लोक उभे राहून तुमचा यादीतला क्रमांक विचारतात, तो सांगणं अजिबात बंधनकारक नाही. नवीन माणसाला हे माहीत नसतं आणि तो बिचारा निमूट सांगतो. आणखी एक गोष्ट. २०१० मध्ये शेफील्डसह अनेक ठिकाणी रात्री दहा वाजता रांगेतल्या लोकांना मत न देताच परत जावं लागलं. त्यानंतर इथे कायदा बदलला. भारतात तर केंद्राध्यक्ष वेळ संपताच रांगेतल्या सगळ्यांना चिठ्ठ्या देतात आणि शेवटच्या माणसाचं मत होईपर्यंत मतदान चालतं. या बाबतीत आपण पुढे होतो. पण मे २०२४ मध्ये मुंबईत उन्हातल्या लांबलचक रांगांतून लोक कंटाळून घरी गेले, तेव्हा त्यांतल्या किती जणांना ही चिठ्ठी ठाऊक होती?

माझ्या आत्याचंच घ्या. गेल्या विधानसभेला ती पुण्यात केंद्रावर गेली, तर यादीत तिच्या नावावर आधीच खूण. ‘तुमचं मत झालंय’, असं ऐकून ती परत आली. तिला कुणी सांगितलं नाही की निवडणूक संचालन नियमांतला नियम ४९पी नेमका याचसाठी आहे. ओळखीच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरं दिली की केंद्राध्यक्षांना प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे यंत्राऐवजी मत नोंदवायची वेगळी कागदी मतपत्रिका, द्यावीच लागते. नमुना १७ब वर सही करायची, कागदावर शिक्का मारायचा, आणि ते मत वेगळ्या पाकिटात बंद होतं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत हे खरं, पण निकालाला आव्हान दिलं गेलं तर तोच पुरावा. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाराची जागा एका मताने गेली, आणि अशा मतपत्रिकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मत न देता परतलेल्या माणसाचा तिथे मागमूसही उरत नाही.

बाकीचं थोडक्यात. मतदार ओळखपत्र हरवलं तरी आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी एक पुरतं. नाव मात्र यादीत हवं. व्हीव्हीपॅट, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेलं छपाई यंत्र, त्याची चिठ्ठी ७ सेकंद दिसते, ती नीट वाचा. तिच्यात दुसऱ्याचं नाव दिसलं तर तक्रार करता येते. लेखी जबाब दिल्यावर चाचणी मत घेतलं जातं, पण तक्रार खोटी निघाली तर गुन्हा होतो. अंध किंवा अशक्त मतदाराला सोबती नेता येतो. मतदानासाठी पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मालकाने केलेली मेहरबानी नव्हे. आणि उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव घालता येत नाही. यादीवरचा संताप मतदानाच्या सकाळी व्यक्त करून उपयोग नाही, नाव तपासायचं ते आत्ता.

घरोघरी येणाऱ्या मतदार माहिती चिठ्ठीवर क्रमांक आणि केंद्राचा पत्ता असतो. तिच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत दोन ओळी छापाव्यात, अशी माझी निवडणूक आयोगाकडे मागणी आहे: तुमच्या नावावर कुणी आधीच मत दिलं असेल तर प्रदत्त मतपत्रिका मागा; वेळ संपताना रांगेत असाल तर चिठ्ठी घ्या आणि जागा सोडू नका.