पाच नोव्हेंबरचे भावे आणि सहा नोव्हेंबरचे भावे

पाच नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. सकाळपासून प्रत्येकाच्या भिंतीवर विष्णुदास भावे. सांगली, १८४३, 'सीतास्वयंवर', पहिलं मराठी नाटक, त्रिवार वंदन. छान आहे. माझी तक्रार सहा तारखेची आहे. त्या दिवशी आणखी एका भाव्यांची जयंती असते. ते आपल्या ठाण्याचे, जुन्या मराठी वाङ्मयाचे इतिहासकार, आणि त्यांच्यावरची एकही पोस्ट माझ्या बघण्यात आलेली नाही. मागे सोसायटीच्या ग्रुपवर मी विनायक लक्ष्मण भावे हे नाव टाकलं, तर लगेच उत्तर: "वाशीचं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं ना?"

नाही हो. ते विष्णुदास. आडनाव सोडलं तर दोघांचा काही संबंध नाही.

खरं तर या चार ओळींच्या वंदनांनी विष्णुदासांवरही अन्यायच होतो. 'सीतास्वयंवर' सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने झालं इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे? १८५१ साली चिंतामणराव गेले आणि राजाश्रय संपला. मंडळीचं पोट भरायचं तर गावोगाव फिरणं आलं. १८५३ साली ते मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ करत होते. (त्याच वर्षी एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. थिएटरची जागा देणारे आणि रेल्वेसाठी झटणारे नाना शंकरशेट एकच, पण तो विषय निघाला तर ही पोस्ट संपायची नाही.) नंतर रंगभूमी सोडून हा माणूस कळसूत्री बाहुल्या घडवत बसला. आपण साजरा करतो तो एक दिवस. मला मात्र त्या दिवसानंतरची पन्नासएक वर्षं जास्त खुणावतात: आश्रयदाता गेलेला, आणि नाटक हा धंदा होऊ शकतो की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही.

आमच्या ठाण्यातल्या तलावपाळीवरच्या गडकरी रंगायतनाची तीच कथा: नाव सगळ्यांना ठाऊक, माणूस नाही. राम गणेश गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा, मृत्यू सावनेरचा, वय अवघं तेहतीस. ठाण्याशी संबंध काय, असं विचारायचं नसतं आणि मी विचारतही नाही. मोठा नाटककार कुठल्याही गावाने आपला म्हणावा. पण रंगायतनाच्या पायऱ्यांवर वडापाव खात बसलेल्यांपैकी किती जणांना माहीत असेल की 'एकच प्याला'ची पदं गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांची आहेत? आजाराने गडकऱ्यांच्या हातून पदं झाली नाहीत, 'राजसंन्यास' तर अपुरंच राहिलं. हे कळल्याने गडकरी लहान होत नाहीत. उलट तेहतिसाव्या वर्षी गेलेला माणूस किती घाईत लिहीत होता ते कळतं.

आता आपले भावे.

जन्म ६ नोव्हेंबर १८७१, गाव पळस्पे. हो, तेच पळस्पे. पनवेलच्या पुढे कोकणात जाताना गणपतीच्या आदल्या दिवशी ज्या फाट्यावर आपण तास तास अडकतो आणि सरकारचा उद्धार करतो, तिथलं. शिक्षण विज्ञानाचं, कर्मभूमी ठाणं. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, त्यामागे हे होते. वय एकवीस. सगळी मराठी पुस्तकं एका ठिकाणी जमवायची, इतका साधा आणि इतका अवघड संकल्प. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं १८९८ मध्ये. एरवी मुंबईची झोपायची खोली म्हणून ठाण्याला हिणवणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

पण नुसतं ग्रंथालय काढलं म्हणून मी एवढं लिहीत नाही. छापील पुस्तक निदान शोधलं तर सापडतं. भाव्यांनी हात घातला हस्तलिखितांना. तेव्हा जुनी मराठी कविता माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, मठाच्या कपाटात, लाल फडक्यात बांधलेली पडून होती. कुणी वाचायचं नाही आणि टाकायची म्हटलं तर पाप लागेल ही भीती. वाळवीला अर्थात असली भीती नसते. भाव्यांनी अशा पोथ्या मिळवल्या, 'महाराष्ट्र कवि' हे मासिक काढून जुनं काव्य छापलं, 'मराठी दप्तर' काढून ऐतिहासिक कागद छापले. १९१७ साली शेडगावकर भोसल्यांची बखर त्या दप्तराचा पहिला रुमाल (म्हणजे कागदांचा पहिला गठ्ठा) म्हणून ठाण्यातून बाहेर पडली. शिवकालावर भांडणारे आजचे वीर ज्या बखरींची नावं तोंडावर फेकतात, त्यातली ही एक. ती आपल्या गावाने छापली होती, हे भांडणाऱ्या कुणाच्याच गावी नसतं.

आणि 'महाराष्ट्र सारस्वत'. प्राचीन मराठी वाङ्मयाचा सलग इतिहास सांगणारं पुस्तक. आधी ते 'ग्रंथमाला' मासिकातून आलं, मग १९१९ साली वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. भावे कॉलेजात मराठी शिकवणारे प्राध्यापक नव्हते, आणि पुस्तक वाचताना ते जाणवतं. आवडलेल्या कवीवर ते भरभरून लिहितात आणि न आवडलेल्याला आडपडदा न ठेवता झोडतात. हल्लीच्या समीक्षेत 'अधोरेखित करतो', 'मांडणी करू पाहतो' असलं वाचून दमलात तर सारस्वत उघडा. पटणार नाही तिथेही झोप येणार नाही.

महानुभाव पंथाचं प्रकरण तर कादंबरीचा ऐवज आहे. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र', म्हणजे मराठी गद्याचा आरंभ, तेराव्या शतकात लिहिलं गेलं. पण पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले होते. अक्षरांची अदलाबदल अशी की बाहेरच्याच्या हातात पोथी पडली तरी पान कोरंच. शतकानुशतकं बाकीच्या महाराष्ट्राला या वाङ्मयाचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लिप्यांची उकल झाली. त्यात इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांइतकंच भाव्यांचं नाव घ्यावं लागतं. मुकुंदराज आणि ज्ञानेश्वर यांच्या बरोबरीने एक अख्खं दालन उघडलं, आणि स्वतःच्याच पुस्तकातलं जुनं चित्र बदलून भाव्यांनी नंतरच्या आवृत्तीत महानुभावांना जागा दिली. छापून झालेलं पुस्तक पुन्हा उलगडायची ही तयारी मला त्यांच्या विद्वत्तेहून मोठी वाटते. १२ सप्टेंबर १९२६ ला ते गेले तेव्हा वय होतं चोपन्न.

एका अभ्यासू मित्राचं यावर म्हणणं असं: "सारस्वत आता जुनं झालं. त्यातली कालनिश्चिती कितीतरी ठिकाणी चुकली आहे. शिवाय भावे काही निर्माते नव्हेत, ते जमवणारे." पहिलं म्हणणं बरोबर. म्हणून तर जुन्या मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी पुढे सारस्वताला भलीमोठी पुरवणी जोडली. पण पुरवणी कशाला जोडली जाते? आधी काहीतरी उभं असतं म्हणून. दुसरं म्हणणं मला साफ नामंजूर. जमवणाऱ्याला दुय्यम मानायची आपली खोड आहे, आणि त्यामुळेच आपल्याकडे कवींची नावं चौकाचौकांत आहेत आणि त्यांच्या पोथ्या मात्र मोजक्या ठिकाणी. ठाण्याला साहित्याचं वावडं आहे असंही नाही. १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन अखिल भारतीय संमेलनं इथे झाली. गीतकार पी. सावळारामांच्या नावाने महापालिका पुरस्कार देते. मंडप आणि हार आपल्याला जमतात.

२०२६ च्या सप्टेंबरात भाव्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं पूर्ण होतात. पुतळा नको, कृपा करा. पुतळ्यांचं काय होतं ते २०१७ च्या जानेवारीत गडकऱ्यांच्या पुतळ्याने पुण्यात भोगलं आहे, रातोरात उखडला गेला तो. सारस्वताची टिपांसह नवी, सुबक आवृत्ती निघाली तर मला हवी आहे. पळस्पे फाट्यावर एक साधा फलक लागला तरी चालेल, वाचायला वेळ भरपूर मिळतो तिथे.

आणि नौपाडा, पाचपाखाडी, चरई, जुनं पनवेल इथल्या मंडळींना एक सांगायचंय. पुनर्विकासासाठी घरं रिकामी होतायत. भाड्याच्या घरात जागा नाही म्हणून आजोबांची ट्रंक थेट रद्दीवाल्याकडे जाते. त्याआधी एकदा उघडून बघा. हाती लिहिलेले, सुटी पानं असलेले, फडक्यात गुंडाळलेले कागद दिसले तर किलोवर देऊ नका. मोडी लिपी वाचता येत नसेल तर राहू दे. शेवटच्या पानाचा नीट उजेडात फोटो काढा, पोथी उतरवून घेणारे बरेचदा तिथेच शक, गाव आणि स्वतःचं नाव लिहून ठेवतात. तो फोटो घेऊन आपल्या ग्रंथसंग्रहालयात विचारा, नाहीतर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात. कुणाला काही सापडलं तर इथे खाली टाका. मोडी वाचणारे दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना टॅग करते.