51 तासांतले 13

या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मेलबर्नच्या घरी परतलो. आम्ही नऊ जण: अण्णा, आई, मी, बायको, आमची तीन लेकरं, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. बॅगा 18. गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक बॅग चढवून वजन केलं, जिथं जास्त भरलं तिथली चटणीची पुडकी काढून दुसरीत कोंबली.

शुक्रवारी दुपारी चारला घर सोडलं. शनिवारी रात्री मुंबईहून विमान उडालं, तेव्हा 31 तास उलटून गेले होते. पुढं सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथून मेलबर्न साडेसात. घरातून निघून घरात पोचायला एकूण 51 तास लागले. त्यातले हवेत फक्त 13.

सुट्टीभर गावाकडं जिथं जाईल तिथं विमानतळाचाच विषय. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून परदेशी विमानं सुटली पाहिजेत, धावपट्टी वाढली पाहिजे, मग नांदेडनं काय घोडं मारलं, लातूरचं काय. मागणी चुकीची नाही. संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला ऑरिकसारखी औद्योगिक वसाहत उभी राहते आहे, तिला थेट विमान लागणारच. हजयात्रेकरूंची विमानं इथून गेलेलीही आहेत. पण माझं मत स्पष्ट आहे: मराठवाड्याला आधी रेल्वेचा दुसरा रूळ हवा आणि स्टेशनवर चालणारी लिफ्ट हवी. विमान त्यानंतर.

मेहुणे म्हणाले, "चिकलठाण्याहून मुंबईला विमान आहे की, रेल्वेचा त्रास कशाला घेता?" देशातल्या विमानात माणशी साधारण 15 किलो सामान चालतं. मुंबईपर्यंतचं वेगळं तिकीट काढलं की आमच्या निम्म्या बॅगांचे जादा पैसे भरावे लागतात, वर नऊ तिकिटं. समृद्धी महामार्ग आता पूर्ण 701 किलोमीटर खुला आहे, तो जालन्याजवळून जातो, हेही खरं. पण अण्णांच्या मणक्याला आठ-नऊ तास गाडीत बसणं झेपत नाही. वंदे भारत नांदेडपर्यंत आली याचा आनंद मलाही आहे, पण तिच्यातही बसूनच जावं लागतं. आडवं होऊन जायचं तर रात्रीची गाडीच.

आणि त्या गाडीच्या भरवशावर त्याच दिवशीचं विमान धरता येत नाही. परभणीपासून संभाजीनगरपर्यंत आजही एकच रूळ. समोरून गाडी आली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी. या वेळी तीन तास उशीर झाला. म्हणून अख्खा एक दिवस हातात ठेवायचा आणि तो कल्याणला मावशीच्या दोन खोल्यांत काढायचा, नऊ माणसांनी. या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली. त्या बातमीवर गावात दोन दिवससुद्धा चर्चा टिकली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. काम कुठवर आलं, हे दर महिन्याला विचारणारी माणसं हवीत.

आम्ही गाडीत बसलो त्या स्टेशनवर लिफ्ट होती, बंद. तिच्या दारासमोर लाकडी बाकडं आडवं टाकलेलं. अण्णा 78 वर्षांचे. भावानं काखेत हात घातला, एका हमालानं पाठीला आधार दिला. सात-आठ पायऱ्या झाल्या की थांबायचं. मधल्या टप्प्यावर अण्णांनी कठडा धरला, धोतराचा सोगा सावरला आणि हळूच म्हणाले, "लोकं बघायलेत रे." उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणापुढं हात पसरला नाही, त्यांच्या तोंडून हे ऐकलं. सिंगापूरला विमानाच्या दारात खुर्ची घेऊन मुलगी उभी होती. तिथं कुणी वळून पाहिलं नाही.

परदेशात सगळं झालेलं असतं असं मी म्हणत नाही. मेलबर्नचा विमानतळ 1970 साली सुरू झाला, त्याला आजही रेल्वे नाही. आम्हीही रात्री मोठी टॅक्सी करूनच घरी आलो. पण शहरातल्या लोकल गाड्यांना चाकाची खुर्ची पहिल्या डब्यापाशी थांबलेली दिसली की मोटरमन स्वतः खाली उतरतो, फळी टाकतो, माणूस आत गेला की फळी उचलून पुन्हा गाडी हाकतो. गाडीतली सगळी माणसं तेवढा वेळ थांबतात. याला धावपट्टीएवढा पैसा लागत नाही.

गेल्या आठवड्यात भावकीतल्या लग्नाचा विषय निघाला. अण्णांनी तारीख विचारली नाही. म्हणाले, "आधी ती लिफ्ट चालू झाली का विचार." मी पुतण्याला फोन केला, तो मोटारसायकलवर जाऊन बघून आला. बाकडं तिथंच आहे.