अपडेट आलं, सर्व्हिस गेली

ब्राउझरला जोडलेल्या प्लगइनचं सुरक्षा अपडेट आल्यावर वेब सर्व्हिस (नेटवरून माहिती पुरवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) बंद पडली, की सर्वात आधी सर्व्हरवाल्याला फोन लावा. नेमकं काय झालंय ते आधी बघत बसू नका, भांडणाची मजा जाते. सर्व्हर रीस्टार्ट करायला लावा. मग पुन्हा एकदा लावा.

सरावासाठी एप्रिल 2008 मधला फ्लॅश प्लेअर 9.0.124.0 (ब्राउझरमध्ये फ्लॅश फाइल्स चालवणारं तेव्हाचं प्लगइन) उत्तम. दुसऱ्या डोमेनला सोप कॉल (वेब सर्व्हिसला एक्सएमएलमध्ये पाठवलेली मागणी) केला, की 'सिक्युरिटी एरर' हजर. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या कॉलचा मागमूस नाही, म्हणजे सर्व्हरवालाच काहीतरी लपवतोय. नेटवर्क ट्रेस (मशीनमधून काय गेलं, काय आलं याची नोंद) मात्र चुकूनही उघडू नका. प्लेअरने त्या डोमेनची क्रॉसडोमेन डॉट एक्सएमएल ही पॉलिसी फाइल (बाहेरच्या कोणाला परवानगी, याची यादी) मागितली, वाचली आणि तुमचा कॉल बाहेर सोडलाच नाही, हे तिथे दिसेल आणि अख्खी दुपार वाचण्याचा धोका आहे. 'माझ्या मशीनवर चालतंय' हे ठणकावून सांगत राहा. तिथे तुमची फाइल विश्वासू लोकल सँडबॉक्समध्ये (म्हणजे आपल्याच मशीनवरची म्हणून मोकळीक मिळून) चालते, हा तपशील क्षुल्लक.

अपडेटच्या नोट्स वाचणं तर कमीपणाचंच. परक्या डोमेनला हेडर (मागणीसोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवायचा, तर तिथल्या पॉलिसी फाइलमध्ये 'अलाउ-एचटीटीपी-रिक्वेस्ट-हेडर्स-फ्रॉम' ही ओळ हवी, असं त्यात लिहिलंय. आणि सोप कॉलबरोबर 'सोपअ‍ॅक्शन' हेडर जातोच, तुम्ही हाताने लावलेला नसला तरी. (घरच्या राउटरला यूपीएनपी या उपकरणांच्या आपोआप जुळणीच्या पद्धतीने हुकूम सोडायलाही हाच हेडर लागतो. कुठल्याही पानावरची फ्लॅश फाइल परस्पर तुमच्या राउटरशी बोलू नये, म्हणून ही अडवणूक. पण आपला रिपोर्ट लोड होत नसताना लोकांच्या राउटरचं काय घेऊन बसलात!)

शेवटी कोणीतरी शहाणा ती ओळ सुचवेलच. तेव्हा परवानगीच्या प्रत्येक ओळीत डोमेनच्या जागी तारका (*, म्हणजे 'कोणीही चालेल') टाका, हेडर्सच्या जागीही तारका. फक्त आपल्या साइटचं नाव आणि 'सोपअ‍ॅक्शन' एवढंच लिहिणं म्हणजे शुद्ध कंजूषपणा. जगातल्या कुठल्याही साइटवरच्या फ्लॅशला तुमच्या लॉगिन केलेल्या ग्राहकाच्या कुकीसकट सर्व्हिस वापरता यावी, एवढं मोठं मन हवं. शेजारी 'लाइव्हला जाताना काढणे' अशी कॉमेंट लिहा. लाइव्हवर ती वर्षानुवर्षं छान टिकते.

तारका नको असेल, तर ग्राहकांना प्लेअरची जुनी आवृत्ती घालायला सांगा. बुजवलेली भोकं त्यांनी स्वखुशीने पुन्हा उघडलेली बरी.

आपल्याच डोमेनवर प्रॉक्सी (मागणी पुढच्या सर्व्हरला पोचवणारा मध्यस्थ) ठेवली तर हा प्रश्नच येणार नाही, असं कोणी म्हणालं, तर त्याला पुढच्या मीटिंगला बोलवू नका. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचाच सपोर्ट संपला. तोवर ज्यांनी दम धरला, त्यांचं तक्रारीचं तिकीट आपोआप बंद झालं.