नव्वंडी

लग्नसराईत मी एका मांडवात दोन हजार फोटो काढतो. त्यातले निम्मे जिलेबी चावणाऱ्या पाहुण्यांचे निघतात. त्यावर घर चालतं. पण मनातून मी कलावंत आहे आणि कलावंताला स्वतःची पद्धत लागते. माझी पद्धत अशी: आधी माणूस, मग कॅमेरा. लांबून झूमनं टिपायचं नाही. पन्नासची लेन्स लावली की जवळ जावं लागतं, जवळ गेलं की बोलावं लागतं, आणि बोललं की माणूस जोडला जातो. हे बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे झूमला पैसे नाहीत.’’

मे महिन्यात सोलापुरात नऊनंतर फोटो काढले की प्रत्येकाच्या डोळ्यांखाली दोन काळे खड्डे येतात. म्हणून सातलाच निघालो. टपरीवर मित्र भेटला.

‘‘कुठं जालालास बे?’’

‘‘विडी घरकुलात. माणसं जोडायला.’’

‘‘आधी गाडीचा आरसा जोड की.’’

विडी घरकुल म्हणजे विडी कामगारांची वसाहत. तिथं एका दारात आजी विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात पत्र्याच्या मापानं कापलेली तेंदूची पानं. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याचे दोन वेढे, झाली विडी. नजर रस्त्यावर, हात आपल्या कामात. उंबऱ्यातून आत आलेला तो उजेड विकत घ्यायचा म्हटलं तर दिव्याचा उजेड मऊ करणारा माझा सॉफ्टबॉक्स विकूनही जमणार नाही. हातांचे चार फोटो घेतले आणि पद्धतीप्रमाणे नातीकरवी सांगितलं, ‘‘माझ्याकडे लक्ष देऊ नका म्हणावं. रोजच्यासारखं चालू द्या.’’

आजींनी सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या.

पंचवीस मिनिटांनी जरीची साडी नेसून, तोंडाला पावडर लावून बाहेर आल्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. चेहरा असा, की पुढे हेडमास्तर उभे आहेत. उजेड एव्हाना उंबऱ्याबाहेर निघून गेला होता.

आता माझं ठेवणीतलं अस्त्र. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर तेलुगू. मागकामासाठी तेलंगणाकडून आलेली ही कुटुंबं. म्हणून आदल्या रात्री एक शब्द घोकला होता. नव्वंडी, म्हणजे हसा. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मायेनं म्हणालो, ‘‘अव्वा, नडवंडी.’’

आजी उठल्या आणि चालायला लागल्या.

मला वाटलं, रागावल्या. मागं धावत आणखी मायेनं म्हणालो, ‘‘नडवंडी, नडवंडी!’’ त्यांनी वेग वाढवला. जरीच्या साडीत आजी पुढं, कॅमेरा घेऊन मी मागं, आणि सगळी गल्ली दारात. शेवटी नातीनं पोट धरून खुलासा केला. नडवंडी म्हणजे चाला.

आठवड्यानं आठ बाय बाराची प्रिंट घेऊन गेलो. फक्त हात, मागं सगळं धूसर. माझ्या मते आयुष्यातली सगळ्यात चांगली फ्रेम. आजींनी ती उलटी करून मागं बघितलं, मग नातीला काहीतरी म्हणाल्या.

‘‘आजी विचारतीय, तोंड कुठाय?’’

शेजारणीनं प्रिंट बघितली आणि ओळखलीच नाही. मात्र फोटोवाला आलाय ही बातमी गल्लीभर झाली. कुणाला बँकेसाठी फोटो हवा होता, कुणाला शाळेसाठी. मागं पांढरा पडदा पाहिजे म्हटलं तर दोघी मोर विणलेली चादर धरून उभ्या राहिल्या. मोर नको म्हटलं तर चादर उलटी केली. सोलापुरी चादर ती, मोर मागच्या बाजूनंही होताच. शेवटी कुणाचं तरी धोतर आलं. आधी माणूस, मग कॅमेरा म्हणणाऱ्या मी दुपारी बारापर्यंत सतरा पासपोर्ट फोटो काढले. सगळ्यांच्या डोळ्यांखाली खड्डे.

सगळ्यात शेवटी आजी. तीच साडी, तीच खुर्ची, पंजे गुडघ्यांवर. या वेळी मी शब्द तळहातावर लिहून नेला होता. वाचून, एकेक अक्षर तोडून म्हणालो, ‘‘नव्-वं-डी.’’

आजींनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग पदर सावरून उठल्या आणि चालायला लागल्या. दोन पावलांवर मागं वळून त्या इतक्या हसल्या, की गल्लीही हसली, धोतर धरणाऱ्या दोघीही हसल्या.

मीही हसलो, त्यामुळे तो फोटो हलला.