‘यादी समांतर चालत नाही’ हे चूक आहे

सांगलीतल्या आमच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘समांतर गणन (एकच काम अनेक प्रोसेसरवर एकदम करणं) आकड्यांपुरतंच. लिस्पसारख्या चिन्हांच्या भाषेत यादी एकामागून एकच वाचावी लागते, आणि क्रम बदलला की उत्तर बदलतं.’ परीक्षेच्या तोंडावर पोरं हे पाठ करताहेत, म्हणून लिहितोय.

आकड्यांपुरतंच? गुणाकाराचं विकलन घ्या. पहिल्या पदाचं विकलन दुसऱ्यासाठी अडून राहत नाही; दोन्ही एकाच वेळी होतात. रॉबर्ट हॅल्स्टेडच्या मल्टिलिस्पमध्ये, म्हणजे लिस्पच्या समांतर अवतारात, १९८५ सालीच यासाठी ‘फ्यूचर’ होतं. उत्तराऐवजी आधी पावती हातात पडते, काम पुढे सरकतं. प्रत्यक्ष उत्तर लागेल तिथेच थांबायचं.

आता यादी. संकष्टीला गणपती मंदिरात १,०२४ जणांची रांग आहे आणि प्रत्येकाला आपला नंबर हवाय असं समजा. एकानेच मोजत यायचं तर हजारावर पावलं. त्याऐवजी सगळ्यांनी एकदमच विचारायचं: ‘तुम्हाला पुढचे किती ठाऊक, आणि त्यांच्या पुढे कोण?’ दर फेरीला ठाऊक असलेलं अंतर दुप्पट होतं. दहा फेऱ्यांत सगळ्यांना नंबर! सगळे प्रोसेसर एकच मेमरी वापरतात असं मानणाऱ्या ‘पीरॅम’ मॉडेलमध्ये याला पॉइंटर जंपिंग म्हणतात.

मात्र यात प्रश्न झाले १०,२४०. आठ कोअरवर (चिपमधल्या आठ प्रोसेसरवर) ते वाटले तरी प्रत्येकी १,२८०, म्हणजे एकट्याने मोजण्यापेक्षाही जास्त. मेसेज लिहिणाऱ्याने लॅपटॉपवर हेच पाहिलं असेल, तर त्याचा अनुभव खोटा नाही. पण दोष रीतीचा आहे. म्हणूनच मॉडेलमध्ये दोन मापं लागतात: एकूण काम आणि सर्वांत लांब साखळी, म्हणजे एकीनंतरच दुसरी करता येते अशा पायऱ्या. नुसती बेरीज हवी असेल तर तेच १,०२४ घटक समतोल वृक्षात ठेवा, म्हणजे जोड्या-जोड्यांनी बेरीज करत वर जा. काम १,०२३ बेरजा, साखळी १० पायऱ्यांची. ब्रेंटच्या १९७४च्या नियमाने (काम भागिले कोअर, अधिक साखळी) आठ कोअरवर हे १३८ पावलांच्या आत उरकतं.

राहिला क्रम. चर्च आणि रॉसर यांनी १९३६ सालीच सिद्ध केलं की लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे लिस्पसारख्या भाषांमागच्या फंक्शनांच्या गणितात, कुठल्याही क्रमाने सोडवत गेलात आणि शेवटाला पोचलात, तर तो शेवट एकच असतो. उत्तर बदलू शकतं ते दोन कामं एकाच चलात लिहू लागली की. पण तसं तर आकड्यांच्या प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी) एकच काउंटर वाढवला तरी होतं.