माझ्या ई-मेलचा हयातीचा दाखला

गेल्या मंगळवारी पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदारांनी मला फोन करून, अत्यंत सौजन्याने, मी खोटा असल्याचे कळवले. साडेचार किलोच्या खोक्यांचे दरपत्रक मी त्यांना तीनदा ई-मेलने पाठवले होते. तिन्ही वेळा ते स्पॅममध्ये, लॉटरी लागल्याच्या आणि टकलावर केस उगवण्याच्या पत्रांच्या पंक्तीला जाऊन बसले होते, आणि वर लाल पट्टीत सावधगिरीचा इशाराही होता. उलट माझ्या नावाने कोणा भामट्याने पाठवलेले 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढची रक्कम नव्या खात्यात भरावी' हे पत्र मात्र त्यांच्या इनबॉक्समध्ये ऐटीत विराजमान झाले होते. "आता यातले तुमचे कोणते, ते तुम्हीच सांगा," असे ते म्हणाले. बावीस वर्षे मी या गृहस्थांना खोकी पुरवतो आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत जिलबी वाढली आहे.

या अपमानाचे मूळ शोधत गेलो, तेव्हा ते थेट १९८२ सालात सापडले. ई-मेल ज्या नियमांनी इकडून तिकडे जातो, ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञांनी त्या वर्षी लिहिले. त्या काळी या जाळ्यावर इतकी थोडी मंडळी होती, की प्रेषक म्हणून जो जे नाव लिहील ते खरे मानायला कोणाची हरकत नव्हती. आंतरदेशीय पत्राच्या पाठीवर प्रेषकाच्या जागी आपण कोणाचेही नाव लिहिले, तरी पोस्टमन कुठे रेशनकार्ड मागत असे? पुढे जगात भामटे वाढले, आणि मूळ भोळेपणा तसाच ठेवून त्यावर तीन दाखल्यांचे ठिगळ लावण्यात आले. पहिला एसपीएफ, म्हणजे माझ्या डोमेनच्या, अर्थात ई-मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या, नावाने कोणकोणत्या सर्व्हरने पत्रे टाकावीत याची यादी. दुसरा डीकिम, म्हणजे प्रत्येक पत्रावर उठणारी, मजकुरात कोणी वाटेत हात घातला तर तुटणारी मोहोर. तिसरा डीमार्क, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारे नाव या दोघांपैकी निदान एकाशी तरी जुळते का, आणि जुळत नसेल तर पत्राचे काय करायचे, याचा हुकूम. हे तिन्ही कागद डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे कोणालाही पाहता येणाऱ्या नोंदवहीत, चारचौघांत टांगून ठेवायचे असतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना, गूगलच्या हिशेबाने दिवसाला पाच हजारांहून अधिक पाठवणाऱ्यांना, तिन्ही सक्तीचे केले, आणि माझ्यासारख्या दिवसाला चाळीस मेल पाठवणाऱ्यालाही पहिल्या दोघांपैकी एक तरी बाळगल्यावाचून गत्यंतर ठेवले नाही.

इथपर्यंतचे सगळे मी एकट्याने, शांतपणे समजून घेतले असते. परंतु माझे ऑफिस नाशिकरोडला, जेल रोडवर आहे, आणि तेथे रोज सकाळी साडेदहा वाजता नाना येतात.

नाना प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटले की वर्तमानपत्राचे ऑफिस कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. एक इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथे टपालाची तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्ट छापले जातात, आणि दुसरी १९२८ पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस. नाना यांपैकी पहिलीत होते. तिथे त्यांनी नेमके काय केले हे ते सांगत नाहीत, कारण गोपनीयतेची शपथ निवृत्तीनंतरही सुटत नाही असे त्यांचे मत आहे. मात्र कोणताही कागद हाती आला की तो आधी उजेडाकडे धरायचा आणि मग वाचायचा, ही सवय त्यांना तिथून लागली आहे. किराण्याची यादी, लग्नपत्रिका, वीजबिल, माझ्या पुतण्याची गुणपत्रिका, सगळे ते ट्यूबलाइटसमोर धरतात. माझ्याकडे ते वर्तमानपत्र वाचायला आणि चहा घ्यायला येतात. पैकी वर्तमानपत्राला त्यांचा आक्षेप असतो, चहाला नसतो.

त्या सकाळी मी डोमेन जिथून घेतले त्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. कीबोर्डसाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून स्पीकर चालू केला, आणि इथेच माझी चूक झाली. पलीकडची मुलगी हिंदीत, अतिशय गोड आवाजात, एसपीएफची नोंद एकेक अक्षराने सांगू लागली. व्ही, बरोबरचे चिन्ह, एस, पी, एफ, एक. मग इन्क्लूड, मग अपूर्णविराम, मग कंपनीच्या सर्व्हरचे लांबलचक नाव. शेवटी ती म्हणाली, "अब टिल्ड लगाइए, सर."

"टिळा लावायला सांगते आहे," नाना वर्तमानपत्राआडून म्हणाले.

मी त्यांना हाताने थांबवले. मुलगी म्हणाली, "सर, टिल्ड. एकच्या आकड्याच्या डावीकडे बघा, नागमोडी रेघ."

"टिळाच तो," नाना उठून माझ्या पाठीशी आले. "रामकुंडावर गंधवाला लावतो, तो आडवा. तिला विचार, वैष्णव की शैव?"

"नाना, तुम्ही जरा बसता का?"

"बसतो. पण आधी मला कळू दे. ही अळी कशासाठी?" त्यांनी पडद्यावरच्या नागमोडी रेघेवर बोट ठेवले. पडद्यावर त्यांच्या बोटाचा चहाळ ठसा अजून आहे. मुलीला ऐकू गेले असावे, कारण तिने समजुतीच्या सुरात खुलासा केला, की नागमोडी रेघ लावली तर यादीबाहेरच्या सर्व्हरकडून आलेला मेल संशयित म्हणून घेतला जातो, आणि त्याच जागी साधी आडवी रेघ लावली तर तो नाकारावा असे सांगितल्यासारखे होते.

"मग आडवी मार!" नाना गरजले. "प्रेसच्या फाटकावर कोणी असे म्हणत नाही, की हा माणूस संशयित आहे, पण आत जाऊ द्या. अळी नको. सरळ रेघ!"

"सर, आपके साथ कौन है?" मुलीने विचारले.

"सुरक्षा," नानांनी उत्तर दिले.

यानंतर पंधरा मिनिटे माझ्या डोमेनचा कारभार नाना आणि ती मुलगी यांच्यात परस्पर चालला. नानांनी तिला कर्मचारी क्रमांक विचारला. तिने तो सांगितला नाही, म्हणून नानांनी तिच्याविषयी समाधान व्यक्त केले. नंतर त्यांनी तिला हयातीच्या दाखल्याची हकीकत सांगितली. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे पेन्शनसाठी कसे सिद्ध करावे लागते. आयुष्यभर कागद हाताळून अंगठ्याच्या रेषा कशा झिजल्या आहेत. यंत्रावर अंगठा चार वेळा ठेवला तरी ते 'जुळत नाही' असेच कसे म्हणते. आणि समोर बसलेला कारकून आपल्याला नावाने हाक मारून चहा पाजतो, पण यंत्राने होकार दिल्याशिवाय आपल्याला जिवंत मानायला तयार होत नाही, हे सगळे त्यांनी तिला मराठीत सांगितले, आणि तिने प्रत्येक वाक्यानंतर "जी सर" म्हटले. माझ्या तीन वर्षांच्या नूतनीकरणाच्या पैशांतून ही संभाषणे होतात, हा विचार मला तेव्हा सुचला आणि अजून सुचतो. शेवटी तिने, झालेला बदल सगळीकडे पोहोचायला अठ्ठेचाळीस तास लागतील, असे सांगून फोन ठेवला. त्या नोंदीची मुदत समोर पडद्यावर ३६०० सेकंद, म्हणजे एक तास, अशी स्वच्छ लिहिलेली होती. पण कोणत्याही प्रश्नाला 'अठ्ठेचाळीस तास' हे उत्तर दिले की ग्राहक दोन दिवस गप्प बसतो, हा शोध ज्याने लावला त्याचा सत्कार त्या क्षेत्रात एव्हाना झालेला असणार.

दोन दिवस मी गप्प बसलो. मेल तरीही स्पॅममध्येच.

तिसऱ्या दिवशी नाना एक बातमी वाचून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एका माणसाकडे दोन पासपोर्ट सापडले, तर त्यातला खरा कोणता हे कोणी विचारत बसत नाही. आधी माणसाला बाजूला घेतात." मी चहाचा कप खाली ठेवला आणि डीएनएसचे पान उघडले. तिथे माझ्या नावावर एसपीएफच्या दोन नोंदी होत्या. एक त्या मुलीने सांगितलेली, आणि दुसरी दिवाळीत बिलांचे सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलाने मला न विचारता टाकलेली. नियम असा, की एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. दोन दिसल्या तर तपासणारा सर्व्हर खरी-खोटी करत बसत नाही, कायमची चूक असा शेरा मारून दोन्हींकडे पाठ फिरवतो. म्हणजे मी दिवाळीपासून दोन-दोन दाखले खिशात घेऊन बिनदाखल्याचा हिंडत होतो, आणि हे मला कोणी कळवले नाही! मेल परत आला असता तरी कळले असते. तो परत येत नाही, पोहोचतो, आणि पोहोचून मरतो. याचा मला अजून राग येतो. नानांना मात्र मी हे सांगायला नको होते, कारण तेव्हापासून ते येईल त्याला 'याचे ई-मेल मी चालू करून दिले' असे सांगतात.

दोन्ही याद्या एका नोंदीत ओवल्या. त्यातही एक गोम आहे, की अशी यादी तपासताना दुसरीकडे जाऊन केलेल्या चौकशा दहापेक्षा जास्त झाल्या तर पुन्हा तोच शेरा. माझ्या सुदैवाने मी इतका मोठा माणूस नाही. डीकिमची मोहोर पडताळायची किल्ली मात्र २५५ अक्षरांपेक्षा लांब निघाली. ती एका अवतरणचिन्हांच्या जोडीत मावत नाही, तोडून दोन जोड्यांत लिहावी लागते. मी ती आधी वर्डमध्ये लिहिली, आणि वर्डने माझी सरळ अवतरणचिन्हे आपल्या सौंदर्यदृष्टीने गोलाकार करून टाकली. त्या दोन महिरपींपायी एक संध्याकाळ गेली. डीमार्कच्या वेळी नावाच्या रकान्यात मी माझे डोमेन पूर्ण लिहिले, नोंदी भरायच्या पॅनेलने ते आपल्या बाजूने पुन्हा एकदा जोडले, आणि माझा हुकूम एकच आडनाव दोनदा लागलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर टांगला गेला. हे सगळे कसे तपासावे याचे साधन मात्र फुकट आणि समोरच होते. आपल्याच एखाद्या जीमेल खात्यावर पत्र पाठवायचे, संगणकावर ते उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतून मूळ संदेश पाहायचा, की वर तिन्ही दाखल्यांपुढे उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे लिहिलेले असते. पहिल्या दिवशीच हे पाहिले असते, तर नानांची आणि त्या मुलीची ओळख झाली नसती.

डीमार्कचा हुकूम सुरुवातीला 'काहीही करू नका' असाच ठेवावा, अहवाल वाचावेत, आणि आपली सगळी पत्रे नीट जाताहेत याची खात्री पटली की मग अडकवून ठेवा किंवा नाकारा इथवर चढावे, असे जाणकार सांगतात. मला तो हुकूम आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखा वाटतो, जो चोराचे नाव, गाडीचा नंबर आणि आल्याची वेळ वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतो आणि मग त्याला फाटक उघडून देतो. अहवाल रोज येतात. ते झिपमध्ये बांधलेल्या एक्सएमएल फाइलीत असतात, आणि वाचताना आपण दुसऱ्याच्या आजारपणाचे रिपोर्ट वाचत आहोत असे वाटते. त्यातून एवढे समजले, की माझ्या डोमेनच्या नावाने परक्या देशांतले दोन-तीन सर्व्हरही पत्रे टाकतात. व्यवसाय माझ्यापेक्षा त्यांचा बरा चालला असावा.

आणि ते खाते बदलल्याचे पत्र? ते मी निर्यातदारांकडून मागवून, त्याचा मूळ संदेश उघडून पाहिला. भामट्याने माझे डोमेन वापरलेच नव्हते. त्याने एक फुकटचे खाते काढून नावाच्या जागी फक्त माझे नाव लिहिले होते, आणि ते खाते त्याचे स्वतःचेच असल्यामुळे एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही परीक्षांत तो पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झाला होता. मी ज्या तीन दाखल्यांसाठी आठवडा घालवला, त्यांपैकी एकही त्याला अडवू शकत नव्हता. पंचवटीत मारीचाने रामाच्या आवाजात हाक मारली, तेव्हाही हाकेचा पत्ता कोणी तपासला नव्हता, असे म्हणून मी स्वतःचे समाधान करून घेणार होतो. पण निर्यातदारांनी दोन हजार खोक्यांची ऑर्डर तोवर दुसऱ्याला दिली होती, त्यामुळे समाधान झाले नाही.

शनिवारी तिन्ही दाखल्यांपुढे उत्तीर्ण उमटले. मी त्या पानाची छापील प्रत काढली. नानांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, उलटसुलट पाहिली, जलचिन्ह नसल्याबद्दल नापसंती दर्शवली, आणि एक प्रत आपल्यालाही हवी, पण कागदावर नको, मेलवर पाठव, आपण चालू करून दिलेले कसे चालते ते पाहू, असे म्हणाले. मी तिथल्या तिथे पाठवली. काही वेळाने उत्तर आले. नानांच्या पेटीतले १५ जीबी 'शुभ सकाळ'च्या गुलाबांनी आणि नातवाच्या बारशाच्या चित्रफितींनी काठोकाठ भरले होते, सबब पत्र घेता येत नाही, असे त्यात होते. मी ते उत्तर दोनदा वाचले. पत्र नाकारणाऱ्याने त्यात माझ्या ओळखीबद्दल एका अक्षराची शंका घेतलेली नव्हती.

"काय म्हणतो?" नानांनी विचारले.

"जागा नाही म्हणतो."

"माझे नाव सांग त्याला," नाना म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप पुढे केला.