नारंगी वायरीला हात लावायचा नाही

मेसेज आत्याने टाकला होता. तिची गाडी इलेक्ट्रिक आहे, ती तीन आठवडे लेकीकडे निघाली होती, आणि आदल्या रात्री साडेदहाला घरच्या ग्रुपवर हा मजकूर: ‘ईव्हीवाल्यांनो सावध व्हा, कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत!!’ खाली तिचा प्रश्न: “अरे, वरच्या मजल्यावरच्या मुलाला किल्ली देऊन ठेवू का? रोज वीस मिनिटं चालू करून ठेवेल म्हणतो.”

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईव्हीमधली १२ व्होल्टची छोटी बॅटरी म्हणे फक्त चाकं फिरत असतानाच चार्ज होते. गाडी उभी राहिली की आठवड्याभरात ती मरते. म्हणून रोज वीस मिनिटं गाडी चालू ठेवा, किंवा कायम चार्जरला लावून ठेवा. बाहेरगावी जाताना छोट्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मुळात ही छोटी बॅटरी म्हणजे कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा आहे. आणि शेवटी, हात जोडलेल्या इमोजीसकट: छोटी बॅटरी बसलीच तर घाबरू नका, बॉनेटखाली नारंगी वायर दिसते ती थेट मोठ्या बॅटरीची, तिच्यावरून जंपर (बॅटरी सुरू करायला दुसरीकडून वायरीने वीज घेणं) घ्या.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. बाकीच्यांनी फार तर वेळ वाया जाईल, याने माणूस जाईल.

मोठ्या बॅटरीत साधारण ३५० ते ४०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, असते, काही गाड्यांत ८०० च्या आसपास. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक १०० इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेसाठीच आहे. तो ६० व्होल्टच्या वरच्या डीसीला हाय व्होल्टेज मानतो आणि अशा केबलला बाहेरून नारंगी आवरण सक्तीचं करतो. म्हणजे जगभरात ज्या रंगाचा अर्थ ‘लांब राहा’ असा ठरलाय, तोच रंग हा गृहस्थ पत्ता सांगावा तसा सांगतोय. घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी; ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत ती संधी नाही. जंपरचा चिमटा मागे ओढला तरी ठिणगी लांबत जाते, वितळलेल्या धातूसकट. आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला ४०० व्होल्ट लावले तर ती चार्ज होत नाही, फुटते. आतलं आम्ल अंगावर येतं. हे काम शिकलेले मेकॅनिकसुद्धा आधी हाय व्होल्टेज तोडतात, काही मिनिटं थांबतात, मीटरने तपासतात आणि तरीही इन्सुलेटेड हातमोजे घालूनच हात घालतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. गाडी बंद असते तेव्हा मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या जाडजूड स्विचांनी बाकी गाडीपासून तोडलेली असते. हे स्विच मिटवून, म्हणजे जोडून, धरायला वीज लागते, आणि ती येते छोट्या बॅटरीकडून. म्हणजे छोटी बॅटरी बसली असेल तर त्या नारंगी केबलमध्ये घ्यायला बहुधा काही नसतंच. आणि केबल जिवंत असेल, तर एक तर गाडी चालू आहे, म्हणजे जंपर लागतच नाही. नाही तर स्विच चिकटून बसलेत, म्हणजे केबल जीवघेणी आहे. ज्याने हे लिहिलं त्याने ते आयुष्यात एकदाही करून पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर एक तर हाती काही लागलं नसतं, नाही तर लिहायला उरला नसता.

याच कॉन्टॅक्टरमध्ये ‘छोटी बॅटरी हवीच कशाला’ याचंही उत्तर आहे. गाडी उभी असताना किंवा धडकल्यावर चारशे व्होल्ट बॅटरीच्या पेटीतच कोंडलेले बरे. पण तेव्हाही दारांची कुलुपं, धोक्याचे दिवे, एअरबॅगचा कंप्युटर चालायला हवेत, शिवाय ती पेटी पुन्हा उघडायला कोणी तरी बाहेर हवं. ते कोणी तरी म्हणजे छोटी बॅटरी. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही: धरण उशाला आणि कोरड घशाला. लोक चिडतात ते इथे, आणि चिडणं रास्त आहे. पण त्याला धंदा म्हणायचं तर पेट्रोलच्या गाडीतली बॅटरीसुद्धा धंदाच की.

आता चाकांचा मुद्दा. पेट्रोलच्या गाडीत इंजिन फिरतं, पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, त्यातून छोटी बॅटरी भरते. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेच चित्र अडकलंय. ईव्हीत अल्टरनेटर नसतो. डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, तो मोठ्या बॅटरीचे चारशे व्होल्ट उतरवून चौदाच्या आसपास आणतो. त्याला चाकांशी देणंघेणं नाही. कॉन्टॅक्टर मिटले की तो काम करू शकतो: सिग्नलला थांबलेले असताना, चार्जिंग चालू असताना, आणि बऱ्याच गाड्यांत कुलूप लावून उभ्या असतानाही.

शेवटचं माझ्या शब्दावर मानू नका. आत्याची गाडी ह्युंदाई कोना इलेक्ट्रिक, आणि मॅन्युअल तिच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेलं. त्यात ‘ऑक्झिलरी बॅटरी सेव्हर प्लस’ नावाची सोय दिलीय. गाडी बंद असेल आणि दारं, बॉनेट, डिकी लागलेली असतील, तर गाडी ठराविक काळाने स्वतः छोट्या बॅटरीची अवस्था तपासते आणि गरज असेल तर मोठीतून तिला भरते, एका वेळी जास्तीत जास्त २० मिनिटं. लागोपाठ दहापेक्षा जास्त वेळा भरावं लागलं, तर बॅटरीतच काही बिघाड आहे असं समजून ती थांबते. छोटी बॅटरी जुनी, खराब असेल किंवा बाहेरची उपकरणं जोडली असतील तर ही सोय वाचवू शकणार नाही, हेही तिथेच लिहिलंय. ‘कंपन्या सांगणार नाहीत’ म्हणे! छापून गाडीसोबत दिलंय, अजून काय करायचं त्यांनी?

तरी आत्याची खात्री पटेना. मग निघायच्या सकाळी मी छोट्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांना एक बोटभर लांबीचा ब्लूटूथ मॉनिटर लावला. तो दर थोड्या वेळाने व्होल्टेज नोंदवतो आणि जवळ गेलं की फोनवर आलेख दाखवतो. बॉनेट लावलं, कुलूप घातलं आणि आत्याला रिक्षात बसवलं.

बाकी मुद्दे हातासरशी संपवतो.

‘आठवड्याभरात मरते.’ झोपलेली गाडी समजा ५० मिलिअँपिअर खाते. दिवसाला १.२ अँपिअर-तास. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरली तर कोणी अजिबात न भरता ती रिकामी व्हायला ३७ दिवस लागतात. त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो हे खरं, पण आठवड्यात नाही. आणि ती पूर्ण भरायची म्हटली तरी साधारण अर्धा युनिट लागेल. ४० युनिटांच्या मोठ्या बॅटरीला तो कळणारही नाही.

‘रोज वीस मिनिटं चालू ठेवा.’ ईव्हीत रेस द्यायला काही नाही. उलट, वरच्या मजल्यावरच्या मुलाने ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं असतं, तर गाडी रेडी झालीच नसती. स्क्रीन लागली असती, गाणी लागली असती, आणि अनेक गाड्यांत ही सगळी वीज छोट्या बॅटरीतूनच जाते. म्हणजे तिला वाचवायला गेलेला मुलगाच तिला रोज वीस मिनिटं पीत बसला असता.

‘कायम चार्जरला लावून ठेवा.’ गाडीगणिक वेगळं. काही गाड्या प्लग लागलेला असताना छोटी बॅटरी सांभाळतात. काहींत चार्जिंग संपल्यावर प्लग नुसता अडकवून ठेवला तर कंप्युटर नीट झोपत नाहीत. मॅन्युअल बघा.

‘निगेटिव्ह वायर काढा.’ महिना-महिना गाडी हलणार नसेल तर काही मॅन्युअल हे खरोखर सांगतात, हे मान्य. पण वायर काढली की गाडी स्वतःला तपासूही शकत नाही आणि भरूही शकत नाही. ज्या गाडीत सोय आहे तिच्यात तीन आठवड्यांसाठी हे करणं म्हणजे राखणदाराला सुटी देऊन कुलूप मोठं आणणं.

आता कडू घोट. छोट्या बॅटरीमुळे ईव्ही अडकतात, ही अफवा नाही. ह्युंदाई आणि किया यांनी २०२४ मध्ये एकट्या अमेरिकेत लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या. त्यांतल्या आयसीसीयू या चार्जिंग सांभाळणाऱ्या भागात बिघाड झाला की छोटी बॅटरी भरणंच बंद होऊ शकत होतं. काही मॉडेलांत उभ्या गाडीत आपोआप भरायची सोय नसते किंवा सेटिंगमध्ये बंद असते. मोठी बॅटरी फार खाली गेली की अनेक गाड्या छोटीला मदत करणं थांबवतात, म्हणून पाच टक्क्यांवर गाडी सोडून महिनाभर जाऊ नये. स्वस्तातला डॅशकॅम कायम जोडून ठेवला तर काय होईल, हे सांगायला नको. आणि आमच्या भावजींसारखे लोक आहेतच, जे दिवसातून पंधरा वेळा अ‍ॅप उघडून ‘किती टक्के आहे’ बघतात. दर वेळी झोपलेली गाडी जागी होते, आणि मग हेच विचारतात की उभ्या उभ्या चार्ज कसा उतरला.

छोटी बसलीच तर? साधा १२ व्होल्टचा जंप स्टार्टर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टोकांना. इंजिन फिरवायचं नसतं, कॉन्टॅक्टर मिटण्यापुरती वीज पुरते, पुढचं कन्व्हर्टर बघतो. नारंगी कशालाही हात नाही.

आत्या तेविसाव्या दिवशी परत आली. सामान खाली ठेवायच्या आधी तिला गाडीपाशी नेलं आणि फोनवर आलेख उघडला. एक सपाट रेघ, १२.६ वरून हळूहळू उतरत जाणारी, मग एकदम १४ च्या वर उभी भिंत, वर थोडं पठार, पुन्हा खाली. असे सहा उंचवटे. दोन तर पहाटेचे. मोठी बॅटरी ७८ टक्क्यांवर सोडली होती, ती ७६ वर. आत्याने ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, सीटखालून ‘खट्’ असा आवाज आला.

“हे काय तुटलं?” ती म्हणाली.

“कॉन्टॅक्टर मिटले,” मी म्हटलं. “रोजच वाजतात. तू रोज गाणी लावून बसतेस.”